विजेची गिटार : नवी कीं वापरलेली ?

ह्या पानावर आजपर्यंत शिवणयंत्र, दिवाणखान्यांतील पंखे, पाण्याच्या टाक्या, लग्नकार्यांतील भांडींकुंडीं अशा नाना वस्तूंच्या खरेदीविषयीं लिहिण्याचा प्रसंग आला. परंतु विजेच्या गिटारीविषयीं लिहावें लागेल असें गेल्या पाडव्यापर्यंत मला स्वप्नांतही वाटलें नव्हतें. नातवाची नववीची परीक्षा संपली आणि त्याच रात्रीं पानावर बसल्याबसल्या त्यानें जाहीर केलें कीं, बक्षीस म्हणून त्यास सायकल नको, मनगटी घड्याळ नको. एक विजेची गिटार तेवढी पाहिजे.

एकत्र कुटुंबांत अशी मागणी म्हणजे सर्वांचीच परीक्षा. सूनबाई म्हणाल्या, "दहावी होऊं दे, मग पाहूं." चिरंजिवांनीं तेथल्या तेथें हातांतील फोनवर एका तांबड्या गिटारीचें चित्र काढून दाखविलें, किंमत साडेतेरा हजार रुपये, आणि दोन दिवसांत घरपोंच. अमेरिकेंतील पुतण्याचा दुसऱ्या दिवशीं निरोप आला कीं, डिसेंबरांत येतांना मी तिकडूनच घेऊन येतों. धाकट्या भावजयीनें ओळखीच्या एका मुलाची वापरलेली गिटार विकावयाची आहे असें सांगतांच आमच्या सौभाग्यवती एकदम उद्गारल्या, "पोराची पहिलीच वस्तु, आणि ती दुसऱ्याची उतरलेली ?" ह्या गलबल्यांत दोन माणसें मात्र गप्प होतीं. एक मी, आणि दुसरा माझा धाकटा भाऊ बापू.

आमच्या गप्प बसण्यास कारण होतें, व तें सांगितल्यावांचून पुढील मजकुराचा अर्थ नीट कळणार नाहीं.

१९७३ सालची गोष्ट. बापू तेव्हां पंधरा वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वीं 'हरे राम हरे कृष्ण' हा चित्रपट येऊन गेला होता, आणि त्यांतील 'दम मारो दम' ह्या गाण्याच्या आरंभीं भूपिंदर सिंग यांनीं वाजविलेली गिटार आमच्या कोपऱ्यावरील इराण्याच्या हॉटेलांत दिवसांतून दहा वेळां ऐकूं येई. शाळेंतून परततांना बापू तेथें दप्तर काखेंत मारून उभा राही. तें गाणें घरांत उच्चारण्याची सोय नव्हती. पण पोराचें लक्ष गाण्याच्या शब्दांकडे नव्हतेंच, तें त्या तारांकडे होतें. मला नुकतीच नोकरी लागली होती. थोरलेपणाच्या उमाळ्यानें मीं पहिल्या तीन पगारांतून पैसे बाजूला टाकले व एका दुकानांतून त्याच्यासाठीं गिटार आणली. विजेची नव्हे, तेवढी ऐपत नव्हती. साधीच, पोकळ पोटाची, परंतु नवी कोरी. त्या 'नवी कोरी' शब्दांचा मला कोण अभिमान ! दुकानदारानें पुढें मांडलेल्या तिहींतून जी सर्वांत चकचकीत ती मीं निवडली.

बापूनें तीन महिने जिवाचें रान केलें. तारा इतक्या उंच होत्या कीं बोटांस घट्टे पडण्याऐवजीं चिरा पडत. मोकळ्या तारा जुळविल्या कीं सुरांत लागत. पण बोट ठेवून वर सरकावें तों सूर चढत जाई. शिकविणारे मास्तर आठवड्यांतून एकदां येत, ते स्वतःची गिटार घेऊन येत आणि स्वतःचीच वाजवून जात. चवथ्या महिन्यांत बापूनें ती गवसणींत घालून माळ्यावर ठेवून दिली. वडील म्हणाले, "धरसोड्या आहे." तो शब्द त्याला जो चिकटला तो चिकटलाच. पुढें कॉलेजांत त्यानें शाखा बदलली तेव्हां तोच शब्द, नोकरी बदलली तेव्हां तोच शब्द. मींही तो वापरला आहे, हें येथें कबूल केलें पाहिजे. आणि त्या वर्षापासून बापू गणपतीच्या आरतीसही ओठ मिटून उभा राहूं लागला. डिसेंबरांत सवाई गंधर्व महोत्सवास मात्र तो नेमानें जातो, आणि अगदीं मागच्या रांगेंत बसतो.

दोन वर्षांपूर्वीं माळा झाडतांना ती गिटार निघाली. वाद्यें दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे मीं ती सहज म्हणून नेली. त्यांनीं ती वाजविली सुद्धां नाहीं; खणांतून पट्टी काढली आणि मोजली. गिटारीच्या तारेची जी वाजणारी लांबी, तिच्या मध्यावर बारावा पडदा यावा लागतो. म्हणजे तेथें बोट ठेवलें कीं वरच्या सप्तकांतील तोच स्वर मिळतो. आमच्या गिटारीच्या वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत ३२५ मिलिमीटर भरले. तेथून खालच्या घोडीपर्यंत तितकेच, किंबहुना दोनतीन मिलिमीटर अधिकच, भरावयास पाहिजे होते, भरले ३१८. घोडी चिकटविणाऱ्याचा हात चुकला होता. ते गृहस्थ म्हणाले, "ही कोणालाच सुरांत वाजली नसती. ज्याचा कान चांगला, त्यानें लौकर सोडली असती."

घरीं येऊन मीं हें बापूला सांगितलें. तो बराच वेळ त्या घोडीवर बोट फिरवीत बसला. मग म्हणाला, "दादा, मला तेव्हां वाटे, माझा कानच खोटा आहे."

तेव्हां नातवाची मागणी आली त्या वेळीं आम्हां दोघांच्या मनांत काय आलें असेल, हें वाचकांनीं ताडलेंच असेल. शिकाऊ मुलाच्या हातीं दिलेल्या वाद्याचें वैगुण्य मुलाच्याच नांवावर जमा होतें, आणि तें खातें पुढें कोणी तपाशीत नाहीं. म्हणून नवी कीं जुनी ह्या वादांत शिरण्यापूर्वीं ती वस्तु आहे तरी काय, हें समजून घेण्याचें आम्हीं ठरविलें. आणि खरें सांगावयाचें तर दोन म्हाताऱ्यांचे दोन आठवडे त्यांत फार आनंदांत गेले.

विजेची गिटार म्हटली कीं घरांतील बायकांस धक्का बसण्याची भीति वाटते. ती व्यर्थ आहे. सर्वसाधारण विजेच्या गिटारींत घरांतील वीज शिरतच नाहीं. तारांच्या खालीं लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. पोलादी तार थरथरली कीं चुंबकाच्या क्षेत्रांत फरक पडतो व त्या वेढ्यांत अत्यंत क्षीण असा प्रवाह उत्पन्न होतो. तो मोठा करून ऐकविण्याचें काम निराळ्या यंत्राचें. म्हणूनच ह्या गिटारीस नायलॉनच्या तारा चालत नाहींत. अमेरिकेंत हवाइयन गिटारीचें वेड जोरांत असतां १९३१-३२ च्या सुमारास लॉस एंजेलिस येथें जॉर्ज बोशां व अडॉल्फ रिकेनबॅकर ह्यांनीं ओतीव ॲल्युमिनियमची जी गिटार केली, तिचा आकार पाहून लोकांनीं तिला 'फ्राइंग पॅन' असें नांव ठेविलें. खरोखर, चित्रांत ती आमच्या स्वयंपाकघरांतील लांब दांड्याच्या तव्यासारखीच दिसते.

आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें खरा महत्त्वाचा पुरुष म्हणजे कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवचा लिओ फेंडर. हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. स्वतःस गिटार वाजवितां येत नसे. १९५० सालीं त्यानें भरीव फळीची गिटार बाजारांत आणली, १९५१ पासून ती टेलिकास्टर म्हणून ओळखली जाऊं लागली, आणि १९५४ सालीं त्यानें स्ट्रॅटोकास्टर काढली, जिचा आकार आज सर्व जगांत नकलला जातो. ह्या दुरुस्तीवाल्यानें आपल्या धंद्यास शोभेल असाच विचार केला : जें बिघडेल तें काढून दुसरें बसवितां आलें पाहिजे. त्यानें दांडी चिकटविली नाहीं, चार स्क्रूंनीं आवळली. त्यामुळें ह्या जातीच्या गिटारीची दांडी, खुंट्या, घोडी, चुंबक, बटणें सर्व कांहीं स्क्रूचालकानें सुटें होतें. सतारीचा भोपळा फुटला तर संपलेंच. ह्या गिटारीचें तसें नाहीं. वापरलेली घेण्यास ही वस्तु मुळांतच अनुकूल आहे, तें ह्याच कारणानें. १९५२ सालीं निघालेली गिब्सन कंपनीची लेस पॉल गिटार ह्याहून निराळी. तिची दांडी चिकटविलेली, आणि डोकें मागें झुकलेलें. अशी गिटार पालथी पडली कीं डोक्यापाशीं तडकते, व ती तड पुष्कळदां रंगाखालीं लपविलेली असते. त्या वळणाची वापरलेली गिटार घेतांना पहिली नजर तेथें टाकावी.

आतां 'जुनी' ह्या शब्दाविषयीं. त्याचे दोन अर्थ आहेत, आणि बाजारांत ते मुद्दाम एकत्र केले जातात. १९५८ ते १९६० ह्या काळांतील लेस पॉल गिटारी आज लक्षावधि डॉलरांस विकल्या जातात. पण त्या निघाल्या तेव्हां त्यांस गिऱ्हाईक नव्हतें. खप नाहीं म्हणून कंपनीनें १९६१ सालीं तिचा आकारच बदलला, आणि पुढें एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स अशांनीं त्या वापरलेल्या गिटारी हातीं धरल्यावर लोकांचे डोळे उघडले. ह्याच क्लॅप्टनची 'ब्लॅकी' नांवाची प्रसिद्ध गिटार तर एक नव्हेच. १९७० सालीं नॅशव्हिल येथें त्यानें थोडक्या पैशांत कांहीं जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या, त्यांतील तिहींचे उत्तम भाग निवडून एक जुळविली, आणि २००४ सालीं धर्मादाय लिलांवांत तिला ९,५९,५०० डॉलर आले. ह्या कथा ऐकून कोणी आपल्या येथें पंचवीस वर्षांची सामान्य गिटार 'जुनें तें सोनें' म्हणून खपवूं लागला तर त्याला नमस्कार करावा व निघावें. तंबोऱ्याची गोष्ट वेगळी. मिरजेचा जुना तंबोरा वयानें गोड होतो असें जाणते म्हणतात. भरीव फळीच्या गिटारीच्या बाबतींत वय हा गुण धरूं नये. किंमत कमी व्हावी एवढाच तिच्या वापरलेपणाचा आपणांस उपयोग.

ज्यांची नवीही ऐपत नव्हती आणि जुनीही, असें एक उदाहरण आमच्या बापूला फार आवडलें. लंडनचा ब्रायन मे हा मुलगा १९६३ सालीं सोळा वर्षांचा होता. फेंडरची गिटार घेणें शक्य नव्हतें, म्हणून तो व त्याचे विद्युत्-यंत्रज्ञ वडील घरींच गिटार करावयास बसले. जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लांकडाची दांडी केली. मोटारसायकलच्या स्प्रिंगा घेतल्या. पडद्यांच्या खुणांसाठीं आईच्या शिवणाच्या डब्यांतील शिंपल्याचीं बटणें घासून बसविलीं. तीच गिटार त्यानें पुढें जन्मभर वाजविली, आणि ज्या 'क्वीन' वाद्यवृंदांत वाजविली त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा आमच्या पांचगणीच्या शाळेंत शिकलेला पारशी मुलगा. असो. बापलेकांनीं मिळून वाद्य करणें ही गोष्ट आमच्या चिरंजिवांच्या कानावर मीं दोनतीनदां घातली; त्यांस फोनवरून मान वर करण्यास सवड झाली नाहीं.

अमेरिकेच्या पुतण्याचा प्रश्न लौकर सुटला. तिकडची गिटार येथें निर्वेध वाजते, कारण तिला घरची वीज लागतच नाहीं. परंतु आवाज मोठा करणारें यंत्र, ज्यास ॲम्प्लिफायर म्हणतात, तें तिकडे १२० व्होल्टवर चालणारें असतें. आपल्या २३० व्होल्टच्या भोकांत खुपसलें तर पहिल्याच दिवशीं जळेल. शिवाय येथें घ्यावयाच्या ॲम्प्लिफायरलाही तीन पायांचाच प्लग पाहिजे व घरांतील अर्थिंग तपासलेलें पाहिजे. भीति बाळगावयाची तर ती गिटारीची नव्हे, ह्या यंत्राची बाळगावी. आणि गोंगाटाचें म्हणाल, तर सूनबाईंच्या दहावीस ह्याहून सोयीचें वाद्य नाहीं. ॲम्प्लिफायरवांचून विजेची गिटार शेजारच्या खोलींतही धड ऐकूं येत नाहीं, आणि यंत्रास कानांत घालावयाचा हेडफोन लावला कीं वाजविणारा एकटाच ऐकतो. बाजाची पेटी घेतली असती तर काय झालें असतें, ह्याचा त्यांनींच विचार करावा, असें मीं नम्रपणें सुचविलें.

मग खरी पाहणी. प्रथम ती तांबडी नवी गिटार. फोनवरून न मागवितां आम्ही तिघे, म्हणजे मी, बापू आणि नातू, एका दुकानांत गेलों. तेथें तीच होती. दिसावयास सुंदर, पण दांडीवरून हात खालीं नेला तों पडद्यांचीं टोंकें तळहातास करवतीसारखीं लागलीं. लांकूड वाळून आखडलें कीं असें होतें. सहा तारा व २२ पडदे मिळून १३२ ठिकाणें होतात; बापूनें नातवाकडून त्यांतील प्रत्येक वाजवून घेतलें. नऊ ठिकाणीं तार पुढच्या पडद्यास घासून खरखरली. दुकानदारास म्हटलें, ह्या नीट करून द्याल का ? तो म्हणाला, "ह्या किंमतींत असेंच असतें, आजोबा. शिकायला चालतें." चालतें ! शिकावयास चालतें हे शब्द १९७३ सालींही मीं ऐकले होते. न्यायासाठीं हेंही सांगतों कीं त्याच दुकानांत बावीस हजारांची दुसरी एक नवी गिटार होती, तिच्यांत एकही दोष निघाला नाहीं, आणि ती तारा उतरवून, जुळवून देण्यास तोच दुकानदार तयार होता. तेव्हां नवी म्हणजे वाईट असा अर्थ कोणी काढूं नये. मोठ्या कारखान्यांचीच स्वस्त बिरुदें असतात, जसें फेंडरचें १९८२ पासून चालत आलेलें स्क्वायर. त्यांच्या गिटारींवर प्रारंभ करण्यांत कांहीं कमीपणा नाहीं.

दुसरी गिटार कोथरूडास, भावजयीच्या ओळखीच्या त्या मुलाकडे. तो तरुण इंजिनियर जर्मनीस निघाला होता. गिटार आठ वर्षांची, काळपट तपकिरी, पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. नातवाचा चेहरा उतरला, तो मला दिसला. किंमत सतरा हजार. नवी असतां हिचीच तीस हजारांच्या घरांत गेली असती, व तें बिल त्यानें जपून ठेविलें होतें. बिल व मागील अनुक्रमांक जुळतात कीं नाहीं हें पाहणें आवश्यक आहे. नामांकित कंपन्यांच्या नांवाच्या नकला पुष्कळ फिरतात, आणि चोरीच्याही.

त्यानंतर बापूनें जें केलें तें मी वेगळा बसून पाहत होतों. त्यानें गिटार प्रथम बंदुकीसारखी डोळ्याशीं धरली व दांडीच्या कडेवरून नजर नेली. दांडी किंचित् बांकलेली चालते. तिच्या आंत पोलादी सळई असते, ती पिळून बांक काढतां येतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यांत व पावसाळ्यानंतर तसें करावेंही लागतें. परंतु दांडीस पीळ पडला असेल, म्हणजे एक कड वर व एक खालीं असेल, तर ती गिटार फुकटही घेऊं नये. मग त्यानें तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकदम दाबून मध्यें फट किती राहते तें पाहिलें : पोस्टकार्ड सरकेल इतकी, ठीक. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दोन मिलिमीटरांच्या आंत. १३२ ठिकाणें पुन्हां झालीं; खरखर कोठेंच नाहीं. डोक्याकडील तीन पडद्यांवर मात्र तारांनीं घळी पाडल्या होत्या. त्या उथळ होत्या, घासून सपाट करण्याजोग्या. खोल असत्या तर पडदे बदलावे लागले असते, आणि त्या खर्चांत वापरलेलीचा सर्व फायदा बुडाला असता. यंत्रास जोडल्यावर आवाजाचें बटण फिरवितांना कुरकुरलें. बापू माझ्याकडे पाहूं लागला, पण नातवानेंच सांगितलें कीं तो धुरळा असतो, फवाऱ्यानें जातो. तिन्ही चुंबकांवर स्क्रूचालकाचें टोंक हलकेंच टेकवून तिन्ही जिवंत आहेत हेंही त्यानेंच दाखविलें. एक वेढ्याच्या चुंबकांतून पंख्याचा व ट्यूबलाइटचा गुणगुणाट येत होता. तो त्या जातीचा स्वभावच. गिब्सनच्या सेथ लव्हर ह्या यंत्रज्ञानें १९५५ सालीं दोन वेढे उलटसुलट जोडून तो मारण्याची युक्ति काढली, आणि ह्या गिटारीचा तिसरा चुंबक तसा असल्यामुळें तेथें शांतता होती.

दांडीवरील फळी कसली, म्हणून मीं विचारलें. "इंडियन रोजवुड," तो तरुण म्हणाला. म्हणजे आमचें शिसवी ! आमच्या ओटीवरील झोपाळा ज्याचा, तेंच लांकूड समुद्रापलीकडे जाऊन गिटार होऊन परत आलें होतें. २०१७ साली ह्या जातीच्या लांकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, व तयार वाद्यांस २०१९ च्या अखेरीस त्यांतून सूट मिळाली. सौभाग्यवतींस घरीं आल्यावर मीं प्रथम हेंच सांगितलें. दुसऱ्याच्या उतरलेल्या वस्तूपेक्षां माहेरीं आलेली वस्तु त्यांस अधिक पटली.

सर्वांत शेवटीं बाराव्या पडद्याची परीक्षा. तार तेथें नुसती हलक्या बोटानें स्पर्शून छेडली असतां जो बारीक घंटेसारखा सूर येतो, तो आणि तेथेंच दाबून छेडल्यावर येणारा सूर, हे दोन्ही एक असावे लागतात. हल्लीं फोनवरील सूचकानेंही हें पाहतां येतें व तो तरुण तो काढीतच होता. पण बापूनें हात वर करून त्याला थांबविलें, डोळे मिटले, आणि सहाही तारा एकामागून एक ऐकल्या. पन्नास वर्षांत मीं त्याला वाद्याजवळ असा बसलेला पाहिला नव्हता. तो म्हणाला, "पांच बरोबर आहेत. तिसरी किंचित् चढी." सूचक लावून पाहिला. तिसरी चढी होती.

तो दोष तेथल्या तेथें निघाला, कारण ह्या गिटारींत प्रत्येक तारेखालील घोडीचा तुकडा स्क्रूनें पुढेंमागें सरकवितां येतो. १९७३ च्या त्या चिकटविलेल्या घोडीची आठवण आम्हां दोघांसही एकदम झाली असावी. कोणी बोललें नाहीं. मग बापूची दुसरी तक्रार निघाली : गंधार चढा लागतो. तरुण बिचारा घाबरला. पण तो ह्या गिटारीचा अपराध नव्हे, सर्वच गिटारींचा आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग करून पडदे ठोकले कीं शुद्ध गंधार तंबोऱ्यांतून ऐकूं येणाऱ्या गंधाराहून थोडा वर बसतो, पेटीचेंही तेंच. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला जी बंदी केली व दीर्घकाळ चालविली, तिच्यामागें हाही एक आक्षेप होता. बापूला हें पटलें, आवडलें नाहीं.

सौदा साडेपंधरा हजारांस झाला, गवसणी व जोडतार धरून. लहान नवा ॲम्प्लिफायर सहा हजार, पडदे घासून नव्या तारा घालण्याचे बाराशें. एकूण २२,७००. चिरंजिवांची तांबडी साडेतेरा हजारांचीच होती खरी, परंतु ॲम्प्लिफायर तिलाही लागलाच असता, आणि त्या नऊ ठिकाणांचें काय झालें असतें तें मी सांगत बसत नाहीं.

ज्यांच्या घरीं बापू नाहीं, त्यांनीं काय करावें, असें कोणी विचारील. शिकविणाऱ्या मास्तरांस बरोबर न्यावें व त्यांच्या वेळेचे पैसे द्यावे; मात्र गिटार त्यांनीं स्वतःची नव्हे, विकत घ्यावयाची तीच वाजविली पाहिजे. असा कोणी जाणता मिळतच नसेल तर वापरलेलीच्या वाटेस जाऊं नये. किंमतींत थोडें वर जाऊन, तारा जुळवून देणाऱ्या व दोष निघाल्यास परत घेणाऱ्या दुकानांतून नवी घ्यावी. छायाचित्रें पाहून पैसे पाठविण्याची घाई तर कोणींच करूं नये. मूल लहान असेल तर आंखूड दांडीची गिटार निघते, ती पाहावी. आणि खांद्यास पट्टा लावून दहा मिनिटें उभें करून बघावें, कारण कांहीं गिटारी चार किलोच्याही वर भरतात. समुद्रकांठच्या वाचकांनीं तारा व लोखंडी भाग वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानें पुसावे; खाऱ्या वाऱ्यांत ते फार लौकर गंजतात.

नातवाचा चेहरा दोन दिवसांत खुलला. पाठीवरचे ओरखडे त्याला आतां फार आवडतात, असें कळतें. तो रोज रात्रीं हेडफोन लावून बसतो. आम्हांला फक्त बोटांची टकटक ऐकूं येते. परवां त्यानें हेडफोन काढून यंत्र मोठ्यानें लावलें आणि हांक मारली, "बापूआजोबा, ही दुसरी तार बघा हो, उतरलीय का ?" बापू वर्तमानपत्र टाकून गेला, तो तासाभरानें आला.

माळ्यावरची गिटार आतां खालीं कपाटावर आहे. ते दुरुस्त करणारे गृहस्थ म्हणतात कीं घोडी सोडवून सेंटिमीटरभर मागें चिकटविली तर ती अजूनही सुरांत वाजेल. खर्च सांगितला आहे तीन हजार. मूळ किंमतीच्या कितीतरी पट झाला हा. मीं बापूला विचारलें. तो म्हणाला, "गणपति होऊन जाऊं देत, मग पाहूं."

आरतीला तो यंदां काय करतो, इकडे माझें लक्ष आहे.